श्रद्धेबद्दल न विचारणं म्हणजे तटस्थता नव्हे

मानसोपचारासाठी आलेल्या माणसाला पहिल्या भेटीत बरंच काही विचारलं जातं. झोप लागते का, भूक कशी आहे, दारू किती, घरात पूर्वी कुणाला मानसिक आजार होता का, मरणाचे विचार येतात का. लैंगिक आयुष्याबद्दल विचारलं जातं, पैशांच्या ओढाताणीबद्दलही. धर्माचा मात्र फॉर्मवर एक रकाना असतो. तो भरला जातो आणि पुढच्या वीस सेशनमध्ये त्याकडे कुणी वळून पाहत नाही. आपल्या हातून घडलेल्या पापाची शिक्षा म्हणूनच आपलं मूल गेलं, अशी ज्याची मनोमन खात्री झाली आहे तो माणूस ‘मन लागत नाही, झोप येत नाही’ एवढंच सांगतो आणि औषधाची चिठ्ठी व विचार नोंदवायची वही घेऊन घरी जातो.

हा विषय न काढण्याला बरेच थेरपिस्ट तटस्थता म्हणतात. त्यामागचा संकोच समजण्यासारखा आहे. धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब, त्यात शिरलं तर समोरचा दुखावेल, आपण प्रचार करतोय असं वाटेल. पण याच भीतीपोटी आपण आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारायचं टाळत नाही. ते नीट कसं विचारायचं हे शिकून घेतो. श्रद्धेबद्दलची विचारपूस हाही तपासणीचा भाग असायला हवा. ती पहिल्या दोन-तीन भेटींतच व्हावी, आणि श्रद्धाळू, नास्तिक, मधेच कुठेतरी अडकलेला अशा प्रत्येकाशी व्हावी. थेरपिस्टने कुणाला श्रद्धा द्यायची नाही आणि कुणाची काढून घ्यायची नाही, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन. त्याचं काम एवढंच, की ही श्रद्धा या माणसाच्या आयुष्यात नेमकं काय करते आहे हे त्याच्यासोबत बसून तपासायचं.

आज दिसणाऱ्या मौनाला इतिहास आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९०७ मध्ये मंत्रचळाच्या (ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या) रुग्णांची कृत्यं आणि धर्मातली कर्मकांडं यांच्यातलं साम्य दाखवलं. १९२७ मध्ये त्याने पुढची मांडणी केली: माणसाला आपल्या असहायपणात एक बलवान बाप हवा असतो, त्या इच्छेतून धर्म जन्मतो. फ्रॉइडचा जवळपास तीस वर्षांचा पत्रमित्र ऑस्कर फिस्टर हा झुरिकचा धर्मोपदेशक होता, स्वतः मनोविश्लेषण करत असे, आणि त्याने १९२८ मध्ये या मांडणीला छापील उत्तर दिलं, तरी मैत्री तुटली नाही. पण पुढच्या पिढ्यांनी उचलला तो फ्रॉइडचा निष्कर्ष. त्या दोघांमधला संवाद कुणी उचलला नाही. वर्तनवाद्यांना मनात काय चाललंय यातच रस नव्हता, तर देवाची काय कथा. १९८० मध्ये अॅलन बर्गिन या मानसशास्त्रज्ञाने मानसोपचारातल्या धार्मिक मूल्यांचा प्रश्न जाहीरपणे मांडला, तेव्हा अविवेकी विचार बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती घडवणाऱ्या अल्बर्ट एलिसने त्याच वर्षी उत्तर दिलं की माणूस जितका कमी धार्मिक तितका तो भावनिकदृष्ट्या निरोगी. हाच एलिस पुढे बराच मवाळ झाला आणि आपली पद्धत श्रद्धाळू माणसांसाठीही वापरता येते असं त्याने २००० साली लिहिलं. अमेरिकेच्या निदानसूचीत, म्हणजे डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत, ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही वेगळी नोंद आली ती १९९४ मध्ये. आजार म्हणून नव्हे, तर उपचारात लक्ष द्यायला हवं अशी बाब म्हणून.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटतो तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स. एडिनबरोच्या व्याख्यानांत, १९०१-०२ मध्ये, त्याने सांगितलं की धार्मिक अनुभवाची पारख त्याच्या मुळांवरून करू नका, फळांवरून करा. श्रद्धा कुठून आली हा फ्रॉइडचा प्रश्न अभ्यासकाला मोलाचा आहे. उपचाराच्या खोलीत मात्र तिला कोणती फळं लागली आहेत हे आधी पाहावं लागतं.

आणि फळं दोन्ही प्रकारची लागतात. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला: संकटात माणसं श्रद्धेचा वापर कसा करतात. त्याच्या छोट्या प्रश्नावलीत १४ विधानं आहेत. सात विधानं आधार देणाऱ्या वापराची: देवाशी नातं घट्ट करायचा प्रयत्न केला, त्याच्यासोबत मिळून वाट काढली, राग सोडून देण्यासाठी त्याची मदत मागितली. उरलेली सात संघर्षाची: देवाने मला टाकलं का, ही मला शिक्षा आहे का, माझ्या धर्मातल्या माणसांनी माझी साथ सोडली का. पार्गामेंट, कोनिग आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या ५९६ आजारी रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजाराची तीव्रता, मनःस्थिती वगैरे हिशेबात धरूनही, अशा धार्मिक संघर्षात सापडलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. ‘देवाने मला टाकलं’ असं वाटणाऱ्यांमध्ये तो सुमारे २८ टक्क्यांनी अधिक होता. हा सहसंबंध आहे. त्या विचारानेच मृत्यू ओढवला असं यातून सिद्ध होत नाही. पण रक्तदाबाबाबत एवढा फरक दिसला असता तर तो मोजायचं कुणी सोडलं असतं का?

हा संघर्ष रुग्णाच्या तोंडून आपोआप बाहेर पडत नाही, याला कारण आहे. ज्याचं देवाशी बिनसलं आहे त्याला त्याची लाज वाटत असते. आपण रागावलो हेच त्याला पाप वाटतं. घरच्यांना सांगितलं तर ‘असं बोलू नये’ म्हणतील, धर्मगुरूला सांगितलं तर उपदेश मिळेल, आणि थेरपिस्टला सांगितलं तर तो मागासलेला समजेल, असा हिशेब त्याने केलेला असतो. न विचारणारा थेरपिस्ट त्याचा हा हिशेब खरा ठरवतो.

मग विचारायचं कसं? ‘तुम्ही धार्मिक आहात का?’ हा प्रश्न सर्वांत वाईट. त्याचं उत्तर हो किंवा नाही येतं आणि दार बंद होतं. ‘इतक्या कठीण दिवसांत तुम्हाला उभं राहायला बळ कशातून मिळतं?’ इथून सुरुवात केली तर श्रद्धाळू माणूस प्रार्थनेचं नाव काढतो, दुसरा कामाचं, तिसरा मुलीचं. मग पुढचं पाऊल: ‘श्रद्धा, देव, धर्म किंवा असं काही, याचा या सगळ्यात काही भाग आहे का? पूर्वी होता का?’ हा ‘पूर्वी’ फार महत्त्वाचा. श्रद्धा गमावलेल्या माणसाने एक अख्खं घर गमावलेलं असतं, त्यातली माणसं, आठवड्याची लय, मरणानंतर काय याचं उत्तर. आणि त्या गमावण्याचा शोक त्याने कुणापाशी केलेला नसतो. तिसरा प्रश्न: ‘या आजारपणानंतर त्यात काही बदललं का?’ चौथा: ‘त्यातून तुम्हाला कधी त्रासही होतो का?’ आणि शेवटचा: ‘इथे आपण या विषयावर बोलावं असं तुम्हाला वाटतं का?’ या शेवटच्या प्रश्नाला नकार आला तर तो पाळायचा. सगळं मिळून पाच-सात मिनिटं लागतात. डॉक्टर क्रिस्टिना पुहाल्स्की यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांसाठी चार टप्प्यांची अशीच एक पद्धत बसवली: श्रद्धा कोणती, तिचं महत्त्व किती, समुदाय कोणता, आणि उपचारात तिची दखल कशी घ्यायची. चौकट कोणतीही घ्या. प्रश्न वाचून दाखवल्यासारखे आले तर उत्तरंही फॉर्म भरल्यासारखीच येतील.

आत्महत्येच्या धोक्याची चाचपणी करताना तर हा विषय टाळणं मला बेजबाबदार वाटतं. श्रद्धा अनेकांना शेवटच्या क्षणी मागे खेचते. काहींना तीच पुढे ढकलते: गेलेल्या माणसाची तिकडे भेट होईल, किंवा मी आधीच नरकात जाणार आहे तर आता थांबून काय उपयोग. ‘धार्मिक आहे, म्हणजे धोका कमी’ असं फाइलमध्ये लिहून मोकळं होणं धोकादायक आहे. ‘मरणानंतर काय होईल असं तुम्हाला वाटतं?’ हे सरळ विचारायचं.

एक बारकावा अनुभवी थेरपिस्टही विसरतात. माणूस देवाबद्दल जे सांगतो आणि देवाबद्दल त्याला जे वाटतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मनोविश्लेषक आना-मारिया रिझुटो यांनी १९७९ मध्ये हा भेद नीट उलगडला. तोंडाने ‘देव दयाळू आहे’ म्हणणारी व्यक्ती प्रार्थनेला बसली की तिच्या मनासमोर कठोर परीक्षक उभा राहतो, आणि त्याचे हावभाव बरेचदा तिच्या आईवडिलांपैकी कुणाचे तरी असतात. म्हणून श्रद्धेची शिकवण काय सांगते हे विचारून थांबायचं नाही. ‘चूक झाली त्या रात्री तो तुमच्याकडे कसा बघत होता असं वाटलं?’ असं विचारलं की खरं काम सुरू होतं. इथे थेरपिस्ट त्याच धर्मातला असेल तर उलट जास्त घसरतो. ‘मला माहीत आहे तुम्ही कशाबद्दल बोलताय’ असं त्याला वाटतं आणि तो विचारायचं सोडतो. परक्या धर्माचा थेरपिस्ट निदान विचारतो तरी. त्याची चूक दुसरी होते: तो सेशनभर त्या धर्माची माहिती गोळा करत बसतो आणि वेळ रुग्णाचा जातो. ती माहिती बाहेर वाचून घ्यावी.

आता अर्थाच्या शोधाकडे येऊ, कारण श्रद्धेचा प्रश्न शेवटी तिथेच पोचतो. मनोविकारतज्ज्ञ युंगने १९३२ च्या सुमारास म्हटलं होतं की ३५ वर्षं ओलांडलेल्या त्याच्या रुग्णांत एकही असा नव्हता, ज्याचा प्रश्न अखेरीस आयुष्याकडे पाहण्याची धार्मिक दृष्टी शोधण्याचा नव्हता. मला हे विधान अतिव्याप्त वाटतं. पण त्याने बोट ठेवलं ते योग्य जागी. व्हिक्टर फ्रँकलने त्यावर पूर्ण उपचारपद्धती उभारली. व्हिएन्नाचा हा मनोविकारतज्ज्ञ, जन्म १९०५. नाझी छळछावण्यांतून जिवंत परतला आणि १९४६ मध्ये त्याने तो अनुभव प्रसिद्ध केला. त्याच्या मते अर्थ तीन वाटांनी सापडतो: आपण जगाला जे देतो त्यातून, जगाकडून जे अनुभवतो त्यातून, म्हणजे प्रेम, सौंदर्य, निसर्ग, आणि जे टाळता येत नाही त्या दुःखाकडे आपण कोणत्या वृत्तीने पाहतो त्यातून. फ्रँकल स्वतः श्रद्धाळू होता. तरी आपली पद्धत नास्तिक रुग्णालाही उपयोगी पडली पाहिजे आणि नास्तिक डॉक्टरलाही वापरता आली पाहिजे, याबद्दल तो आग्रही होता. धर्म आत्म्याच्या मुक्तीकडे बघतो, मानसोपचार मन बरं करण्याकडे. एकातून दुसरं कधी साधलंच तर ते ओघाने, हा त्याचा भेद मला आजही सर्वांत स्वच्छ वाटतो.

फ्रँकलचा गैरवापर मात्र फार होतो. तिसरी वाट ‘टाळता न येणाऱ्या’ दुःखासाठी आहे, हे सोयीस्करपणे वगळलं जातं. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला त्या सोसण्यात अर्थ शोधायला सांगणं हा तिच्यावर दुसरा अत्याचार आहे. जे दुःख थांबवता येतं ते आधी थांबवायचं. फ्रँकलनेही हेच सांगितलं आहे: टाळता येण्याजोगं दुःख सोसत बसणं याला तो शौर्य मानत नव्हता.

दुसरी चूक वेळेची. मूल गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात ‘यातून तुम्हाला काय शिकायला मिळालं’ असं विचारणारा माणूस, मग तो थेरपिस्ट असो की धर्मगुरू, पुन्हा त्या घरात ऐकला जात नाही. आधी झोप, जेवण, सुरक्षितता, सोबत. क्रिस्टल पार्क या संशोधकाने मांडलेला भेद इथे कामाला येतो. प्रत्येकाच्या मनात जगाबद्दल एक मोठा आराखडा असतो: जग न्यायी आहे, चांगल्याचं चांगलं होतं, कुणीतरी राखणारा आहे. घडलेल्या घटनेचा अर्थ या आराखड्याशी जुळला नाही की यातना होतात. मग एक तर घटनेचा अर्थ बदलतो, ‘माझंच काही चुकलं असणार’. किंवा आराखडा बदलतो, ‘जग न्यायी आहे असं मी मानत होतो, ते तसं नाही’. पहिला बदल पटकन होतो आणि माणसाला आतून पोखरतो. दुसऱ्याला महिने लागतात, कधी वर्षं. थेरपिस्टचं कौशल्य या दुसऱ्या कामासाठी जागा राखण्यात आहे. आराखडा मोडला तरी श्रद्धा मोडेलच असं नाही. बरेचदा ती साधी, कमी आश्वासक पण अधिक खरी होऊन उरते. मोडलीच तर तेही काही थेरपीचं अपयश नव्हे.

नुसता शोध चालू आहे म्हणून समाधान मानायचंही कारण नाही. मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तयार केलेल्या १० विधानांच्या प्रश्नावलीत अर्थ ‘असणं’ आणि अर्थ ‘शोधणं’ पाच-पाच विधानांनी वेगवेगळं मोजलं जातं, आणि ते बरोबरच आहे. अर्थ नसताना तो शोधत राहणं हे अनेकांसाठी विचारांचं चक्र असतं. रात्री दोन वाजता ‘हे सगळं कशासाठी’ असं चाळीस वेळा विचारणारा तत्त्वचिंतक नसतो, दमलेला माणूस असतो.

इथेच एक निदानाचा प्रश्न येतो, आणि तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं. तीव्र नैराश्यात आयुष्य निरर्थक वाटतं. तो आजाराचा भाग असतो. पहाटे लवकर जाग येणं, सकाळी मन जास्त जड असणं, हालचाल आणि बोलणं मंदावणं, वजन घटणं, पूर्वी आवडणाऱ्या एकाही गोष्टीत आनंद न उरणं ही लक्षणं सोबत असतील तर आधी नैराश्यावर उपचार, गरज असेल तर औषध. जगण्याच्या अर्थावरची चर्चा नंतर. उलट ज्याला संगीत ऐकताना बरं वाटतं, मित्र भेटले की हसू येतं, झोप ठीक आहे, पण ‘पुढची वीस वर्षं हेच करायचं का’ हा प्रश्न सोडत नाही, त्याला औषधाने उत्तर मिळणार नाही. शोकातही काळ मोजावा लागतो. २०२२ च्या डीएसएम आवृत्तीत प्रदीर्घ शोकाचं निदान प्रौढांसाठी मृत्यूनंतर किमान १२ महिन्यांनी करता येतं, आणि ‘आयुष्य अर्थहीन वाटणं’ हे त्याच्या लक्षणांपैकी एक आहे.

अर्थावर थेट काम कसं होतं, याचा चांगला नमुना न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात विल्यम ब्राइटबार्ट यांनी घडवला. फ्रँकलच्या कल्पना त्यांनी पुढच्या टप्प्यातला कर्करोग असलेल्या माणसांसाठी सात सेशनमध्ये बसवल्या, प्रत्येक साधारण तासाभराचं. पहिल्यात आयुष्यातले अर्थपूर्ण क्षण आठवायचे. दुसऱ्यात आजाराआधी ‘मी कोण’ होतो आणि आता कोण आहे हे पाहायचं. तिसऱ्यात वारसा: आपल्याला काय मिळालं, आपण काय मागे ठेवतो. मग मर्यादांना सामोरं जाण्याची वृत्ती, मग कामं आणि जबाबदाऱ्या, मग प्रेम, सौंदर्य, हसू. शेवटी निरोप आणि पुढची आशा. धर्माची सक्ती कुठेच नाही, पण कुणी या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर श्रद्धेच्या भाषेत दिलं तर त्याला पूर्ण जागा आहे. गटात घ्यायच्या आठ सेशनच्या आवृत्तीची २५३ रुग्णांवरची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीच्या आधारगटापेक्षा तिचा परिणाम चांगला दिसला, नैराश्यावर आणि लवकर मरण यावं या इच्छेवरही. एवढ्या थोड्या सेशनमध्ये हे जमतं, कारण थेरपिस्ट उत्तर पुरवत नाही. नेमके प्रश्न नेमक्या क्रमाने विचारतो.

अपराधाची भावना हा यातला सर्वांत नाजूक भाग. विचारांवर काम करणाऱ्या थेरपिस्टला सवय असते प्रत्येक अपराधी विचार विकृत समजून तो दुरुस्त करण्याची. पण काही अपराध खरे असतात. ज्या सैनिकाने निःशस्त्र माणसाला मारलं, ज्या डॉक्टरने थकव्यात चूक केली आणि रुग्ण गेला, त्याला ‘तुमचा दोष नव्हता’ म्हणणं खोटं असतं, आणि ते खोटं आहे हे त्याला कळतं. ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या ‘नैतिक जखमे’वरच्या उपचाराची मांडणी केली. त्यांच्या पद्धतीत एक पाऊल असं आहे: ज्याच्या नैतिक अधिकाराला तुम्ही मानता आणि जो तुमच्याकडे करुणेने पाहील, अशा कुणाशी तरी मनातल्या मनात संवाद करा, सगळं सांगा, मग तो काय म्हणेल तेही बोला. कुणासाठी तो जुना शिक्षक असतो, कुणासाठी देव. कबुली, पश्चात्ताप, भरपाई, क्षमा ही चार पावलं धर्मांनी हजारो वर्षं जपली आहेत. मानसोपचाराकडे याला तोडीस तोड असं फारसं काही नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. फक्त क्रम उलटू द्यायचा नाही. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला आधी क्षमा करायला लावणं, राग यायच्या आधीच शांती गाठायला लावणं, याने जखम वरून भरते आणि आत चिघळते. मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवूड यांनी १९८० च्या दशकातच या पळवाटेकडे लक्ष वेधलं होतं.

श्रद्धा आजाराच्याच तावडीत सापडते तेव्हा काम वेगळं. धार्मिक मंत्रचळात माणूस प्रार्थना बिनचूक होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणतो, मनात आलेल्या अभद्र विचाराबद्दल तासन्‌तास प्रायश्चित्त घेतो, धर्मगुरूला दिवसातून पाचदा तोच प्रश्न विचारतो. इथे थेरपिस्टने शास्त्राचा आधार देऊन ‘हे पाप नाही’ असं पटवायला सुरुवात केली की तो स्वतःच त्या चक्राचा भाग होतो. पटवणं हीच आजाराची खुराक आहे. दिलासा तासभर टिकतो आणि शंका नव्याने येते. उपयोगी पडतो तो भीतीला सामोरं जाऊन ठराविक कृती रोखण्याचा सराव. ज्या प्रसंगांची भीती वाटते त्यांची यादी करायची, प्रत्येकाला शून्य ते शंभर असे त्रासाचे गुण द्यायचे, साधारण तीस-चाळीस गुणांच्या प्रसंगापासून सुरुवात करायची. प्रार्थना एकदाच म्हणायची; मधे नको तो विचार आला तरी मागे जायचं नाही, ‘नीट झाली की नाही कोण जाणे’ ही अनिश्चितता घेऊनच उठायचं. रोज सराव, सेशनमध्येही आणि घरीही.

यात एक मर्यादा काटेकोर पाळावी लागते. धर्म ज्याला खरोखर निषिद्ध मानतो ते करायला लावायचं नाही. त्या धर्मातली सर्वसामान्य श्रद्धाळू माणसं जेवढं करतात तिथपर्यंतच न्यायचं. ती रेषा कुठे आहे हे थेरपिस्टने स्वतः ठरवू नये. रुग्णाच्या संमतीने त्याच्या विश्वासातल्या एका धर्मगुरूशी बोलून ठरवावं. एकच धर्मगुरू, प्रत्येक प्रश्न एकदाच, आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर ‘याचं उत्तर मी दिलं आहे’ एवढंच त्याने म्हणायचं, हा करार तिघांत आधी झाला तर निम्मं काम सोपं होतं. असा समजूतदार धर्मगुरू मिळाला की फरक पडतो, आणि तो मिळवण्यासाठी थेरपिस्टने त्या दारात जायचा संकोच सोडायला हवा.

मनोभ्रमाचं तसंच. ‘देव माझ्याशी बोलतो’ या एका वाक्यावरून निदान होत नाही. त्याच्याच समुदायातल्या माणसांना ते बोलणं ओळखीचं वाटतं का, त्यानंतर त्याची झोप, कामधंदा, नाती टिकून आहेत का, त्यात आज्ञा आहेत का, संशय आणि विस्कळीतपणा वाढतोय का, हे पाहावं लागतं. घरचे धार्मिक लोकच ‘हा पूर्वीसारखा नाही राहिला’ म्हणत असतील तर ते सर्वांत आधी ऐकावं.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की एकदा दार उघडलं की थेरपिस्ट आपला धर्म आत आणतील. भीती खरी आहे. दुबळ्या क्षणी आलेल्या माणसावर थेरपिस्टची सत्ता चालते, आणि त्या सत्तेच्या जोरावर झालेलं धर्मांतर किंवा धर्मत्याग, दोन्ही फसवणूकच. म्हणून नियम कडक हवेत: थेरपिस्टने आपणहून प्रार्थना सुचवायची नाही, श्रद्धेचा वापर उपचारात करायचा तर आधी संमती घ्यायची, धर्माचा अर्थ लावायचा अधिकार आपल्याकडे घ्यायचा नाही, आणि रुग्णाची श्रद्धा आपल्याला झेपत नसेल तर दुसऱ्याकडे पाठवायचं. पण मौनाने ही भीती संपत नाही. जो थेरपिस्ट विषय काढत नाही त्याची मतं त्याच्या भुवयांतून, कुठल्या वाक्यावर तो पुढे विचारतो आणि कुठलं सोडून देतो यातून पोचतच असतात.

संशोधन या बाबतीत दोन्ही बाजूंच्या उत्साहाला आवर घालतं. रेबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नैराश्य असलेल्या ५९ श्रद्धाळू रुग्णांवर केलेल्या चाचणीत, श्रद्धेच्या भाषेत बसवलेली थेरपी धार्मिक नसलेल्या थेरपिस्टनीही उत्तम दिली. म्हणजे थेरपिस्ट श्रद्धाळू असायलाच हवा असं नाही. कोनिग आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या चाचणीत दीर्घ आजारासोबत नैराश्य असलेल्या १३२ जणांना प्रत्येकी ५० मिनिटांची दहा सेशन दिली गेली, निम्म्यांना धार्मिक धाटणीची, निम्म्यांना नेहमीची. नैराश्य दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं. २०१८ मध्ये ९७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. तीच थेरपी श्रद्धेशी जुळवून दिली आणि तशी न जुळवता दिली, यांची तुलना केली तर मानसिक लक्षणांत फरक दिसला नाही, आध्यात्मिक स्वास्थ्यात दिसला. त्यामुळे ‘धार्मिक थेरपी जास्त गुणकारी’ असा दावा कुणी करू नये. मी तो करतही नाही. माझा मुद्दा तपासणीचा आणि सन्मानाचा आहे: ज्या भाषेत माणूस आपलं दुःख स्वतःशी बोलतो ती भाषा त्याला दाराबाहेर ठेवून यायला लावू नये.

दुसरा आक्षेप नास्तिकांच्या बाजूने येतो: आम्हाला हे प्रश्न कशाला? कारण त्यांनाही अर्थाचा प्रश्न चुकलेला नाही. मनोविकारतज्ज्ञ इर्विन यालोम यांनी १९८० मध्ये माणसाच्या चार मूलभूत चिंता मांडल्या: मृत्यू, स्वातंत्र्य, एकाकीपण आणि अर्थहीनता. त्यांची मांडणी पूर्णपणे देवाविना आहे. नास्तिक रुग्णाला ‘थोडी श्रद्धा ठेवून बघा’ म्हणणं, श्रद्धाळूला ‘हे सगळं सोडून द्या’ म्हणण्याइतकंच गैर आहे.

अभ्यासक्रमात याला जागा मिळायला हवी. वर्ल्ड सायकिअॅट्रिक असोसिएशन या मनोविकारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१६ च्या निवेदनात रुग्णाचा इतिहास विचारतानाच त्याच्या श्रद्धा आणि आचार यांची दखल घ्यावी आणि प्रशिक्षणात हा विषय असावा असं म्हटलं आहे. केवळ सर्व धर्मांची तोंडओळख करून देणारं एक व्याख्यान पुरेसं नाही. प्रत्येक शिकाऊ थेरपिस्टने देखरेख करणाऱ्या ज्येष्ठासमोर आपला स्वतःचा श्रद्धेचा किंवा अश्रद्धेचा इतिहास मांडला पाहिजे: कुठे राग आहे, कुठे भीती, कुठल्या शब्दाला आपण दचकतो. ज्याने हे केलेलं नाही त्याच्यासमोर रुग्ण देवाचं नाव काढतो तेव्हा तो एक तर विषय बदलतो, नाहीतर वाद घालतो.

त्याची परीक्षा एका प्रश्नावर होते, आणि तो प्रश्न कधी ना कधी येतोच: ‘तुम्ही देव मानता का?’ ‘हे विचारावंसं का वाटलं?’ हे पाठ केलेलं प्रत्युत्तर लगेच फेकलं तर समोरच्याला टोलवल्यासारखं वाटतं. पूर्ण उत्तर देऊन आपली बाजू सांगत बसलं तर सेशन आपल्याभोवती फिरू लागतं. आधी थोडक्यात खरं बोलायचं. सांगायचं असेल तर एका वाक्यात सांगायचं. सांगायचं नसेल तर ‘ते मी माझ्याकडेच ठेवतो, पण तुमची श्रद्धा इथे हसण्यावारी नेली जाणार नाही’ हे स्पष्ट म्हणायचं. मग थांबायचं. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा थेरपिस्टचा धर्म जाणून घ्यायचा नसतो. आपण पुढे जे सांगणार आहोत ते याला पेलेल का, हे तो चाचपत असतो. उत्तर मिळालं की पुढच्या पाच मिनिटांत बरेचदा तो ते सांगतो.